न हलणारे तास

सोमवारी सकाळी सव्वाआठला तिने नेहमीप्रमाणे, न बघता, टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे हात नेला आणि हाताला नुसते कागद लागले. कागदांवरचे वजन जागेवर नव्हते. खिडकीतून वारा येत होता, पंखा आपली जुनी कुरकुर करीत फिरत होता, आणि ‘मागून बघू’च्या गठ्ठ्यातली वरची दोन कार्डे टेबलाच्या कडेपर्यंत सरकून, उडी मारावी की मारू नये अशा विचारात पडल्यासारखी थांबली होती. तिने गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. सोमवारचा हा अर्धा तास तिचा स्वतःचा असे. कवळ्या बनवण्याच्या या दोन खोल्यांत बाकीचा आठवडा भर दुपारच्या रस्त्यासारखा गजबजलेला असायचा, पण सोमवारी सकाळी पॉलिशचे यंत्र सुरू होण्याआधी ती रुंद टेबलावर सहा ओळी मांडायची, सहा दिवसांच्या; एकेका तोंडाचे एकेक कार्ड उचलून त्याला दिवस द्यायची; आणि अजून न आलेला, अजून कुणी न उष्टावलेला आठवडा असा डोळ्यांपुढे पसरलेला पाहताना तिला एक शांत, जवळजवळ लाजिरवाणे सुख होई. जगात इतके काही आपल्या हाताबाहेरचे असताना निदान एवढे तरी आपण ओळीने लावू शकतो, असे ते सुख होते. ते मांडण्यापूर्वीची पहिली क्रिया म्हणजे ते वजन उचलणे. थंड, पांढरे, मुठीत बरोबर मावणारे. आज ते नव्हते, आणि सहा रिकाम्या ओळींपुढे ती क्षणभर, शब्द विसरलेल्या माणसासारखी, ओठ किंचित उघडे ठेवून थांबली.

“काकू, इथलं ते पांढरं कुठे गेलं?” तिने आतल्या खोलीकडे पाहून विचारले.

आत पॉलिशवाल्या काकू आज लवकर येऊन फडताळ पुसत होत्या. गेली अकरा वर्षे त्या इथल्या कवळ्यांना चकाकी देत होत्या, आणि वयाने मोठ्या असल्यामुळे मालकिणीलाही अगंतुगं करीत होत्या. “पांढरं म्हणजे? इथं काय काळं आहे?”

“या गठ्ठ्यावर ठेवलेला साचा.”

“ते होय! बादलीत टाकलं. सहा महिन्यांपूर्वीचे, नाव नसलेले साचे फेकायचे, हा नियम कुणाचा? भिंतीवर तुझ्याच अक्षरात लिहिलाय. म्हटलं आज आयती लवकर आलेय तर होऊन जाऊ दे. चाळीस तोंडं निघाली बघ. एवढी माणसं जेवायला बोलावली असती तर पळता भुई थोडी झाली असती.”

बादली दाराशी होती. तिने गुडघे टेकले आणि हात आत घातला. प्लास्टरचे साचे एकमेकांवर आपटून मातीच्या भांड्यांसारखे वाजत होते. कुणाचे वरचे जबडे, कुणाचे खालचे. दात गेल्यानंतर उरलेले हिरड्यांचे कंगोरे, दूरच्या टेकड्यांच्या रांगांसारखे, सगळे सारखे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. तिने डोळ्यांनी शोधणे सोडून दिले. अंगठा एकेका साच्यावरून फिरवत गेली, आणि नवव्या की दहाव्या साच्याशी अंगठा आपोआप थांबला. खाली डावीकडे, मागच्या बाजूला, तो खळगा. ती सातवीत असताना आईची तिथली दाढ काढली होती, आणि दुसऱ्या दिवशी आई गालात कापसाचा बोळा धरून शाळेत शिकवायला गेली होती. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली होती, आज वर्ग फार शांत होता, मला बोलता येत नव्हतं म्हणून पोरंही बोलली नाहीत. तो दिवस त्या खळग्यात अजून होता. पंचवीस-तीस वर्षे तो तोंडात राहिला, मग मापातून प्लास्टरमध्ये उतरला, आणि आता बादलीत, दुसऱ्या कुणाच्या तरी टाळूखाली सापडला.

“कुणाचं गं ते?” काकूंनी दारातून विचारले.

“आईचं.”

काकूंच्या हातातले फडके थांबले. त्यांनी एकदा साच्याकडे, एकदा टेबलाकडे पाहिले. “आणि तू ते वजन म्हणून ठेवलं होतंस?”

ते खरोखरच तसे होते. सात महिन्यांपूर्वी, आईचे शेवटचे तीन दात काढून हिरड्या भरून आल्यावर, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी हे माप घेतले होते. साचा ओतला तो तिनेच. त्या सोमवारी बाकी सगळ्यांची कार्डे झाली. आईचे केले नाही. घरचेच काम, लक्षात राहीलच, कार्ड कशाला? साचा हाताशी असावा म्हणून टेबलावर ठेवला. मग कधीतरी वाऱ्याने कागद उडू लागले तेव्हा, काही विचार न करता, तो त्यांच्यावर ठेवला. आणि ज्या गठ्ठ्यावर ठेवला तो ‘मागून बघू’चा होता. तेव्हापासून प्रत्येक सोमवारी तिने तो उचलला होता, बाजूला ठेवला होता, इतरांची तोंडे दिवसांच्या ओळींत बसवली होती आणि शेवटी उरलेल्यांवर आईचा जबडा पुन्हा ठेवून दिला होता. तीस-एक सोमवार. एखादी गोष्ट इतक्या वेळा हातातून गेली की ती दिसेनाशी होते. बोटांना ओळखीची राहते, पण डोळ्यांना नाही. शिवाय आई काही म्हणाली नव्हती. आई भात मऊ शिजवत होती, पाव दुधात बुडवत होती, आणि बोलताना, हसताना, तिचा उजवा हात ओठांपुढे येत होता. तो हात गेले कित्येक महिने येत होता. तिने तो पाहिला होता आणि म्हातारपणाच्या खात्यात टाकून दिला होता, चष्म्याच्या, गुडघ्यांच्या, विसरलेल्या किल्ल्यांच्या बरोबर.

कालच पुन्हा पाहिला होता. रविवारी दुपारी आई फोनवर बोलत होती आणि ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. पलीकडून कोण बोलत होते ते आईच्या ‘मास्तर’ या संबोधनावरून कळत होते. आईच्या शाळेत पूर्वी चित्रकला शिकवायला आठवड्यातून दोनच दिवस येणारे मास्तर. आता ते ऐंशीचे झाले होते आणि त्यांच्या शिष्यांनी येत्या शनिवारी चार वाजता त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन ठेवले होते. “नाही हो मास्तर,” आई म्हणत होती, शब्द ओठांच्या मऊ कडांवरून घरंगळत, “या शनिवारी नाही जमायचं. लेकीला फार काम आहे. तिला एकटीला टाकून कुठे येऊ?” नळ सुरू होता. तिच्या मनात आले, शनिवारी दुपारी तर मला काहीच काम नाही. मग आईने वळून तिला दारात उभी पाहिले आणि ती हसली, आणि हात वर गेला. एवढेच झाले होते. त्यानंतर दोघींनी चहा घेतला, आईने शब्दकोड्यातला आडवा अकरा तिला विचारला, संध्याकाळ नेहमीसारखी, समजूतदार, मावळली होती. काल ते इतके साधे वाटले, आणि आज बादलीशी गुडघे टेकलेले असताना त्याचा अर्थ लागला. तिच्या कामाचे निमित्त करून आई तिचेच न झालेले काम झाकत होती.

साचा धुवून तिने टेबलावर ठेवला आणि समोर बसली. काकूंनी यंत्र सुरू केले नाही; त्यांनाही काहीतरी कळले असावे. कार्डे तिच्या हातात होती, पण मन त्या दुसऱ्या टेबलापाशी गेले होते, जेवणाच्या, ज्याच्यावर दर जून महिन्यातल्या रविवारी आई शाळेचे वेळापत्रक मांडायची. बावीस वर्षे ते काम आईकडे होते. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, आणि त्या रंगाचे पुठ्ठ्याचे चौकोन. गणिताचे तांबडे, भाषेचे पिवळे, शास्त्राचे हिरवे. आई एका हाताने गाजर खायची आणि दुसऱ्या हाताने चौकोन हलवायची, आणि त्या गाजराचा करकर आवाज, लयीत, विचाराच्या वेगाने कमीजास्त होणारा, हाच तिच्यासाठी विचार करण्याचा आवाज होऊन बसला होता. आवाज थांबला की समजायचे, कुठेतरी दोन तास एकावर एक आले. ती स्वतः दहा वर्षांची, चौकोन हातात द्यायचे काम तिच्याकडे. “आधी न हलणारे दे,” आई म्हणायची. “जे फक्त त्याच दिवशी येऊ शकतात, ते आधी. चित्रकलेचे मास्तर मंगळवार-शुक्रवार. त्यांना बसवलं की मग बाकीचे आपोआप सरकतात. उलट केलंस तर शेवटी सगळं उचकटावं लागतं.” मास्तरांचे चौकोन आभाळी रंगाचे होते. ते पहिल्यांदा मांडले जायचे, रिकाम्या तक्त्यावर, आणि तिला ते फार सुंदर दिसायचे. आईचे स्वतःचे चौकोन साध्या पुठ्ठ्याच्या रंगाचे, बिनरंगी. ते सर्वांत शेवटी, जिथे जागा उरेल तिथे. सोमवारचा पहिला, शनिवारचा शेवटचा, जेवणानंतरचे पेंगुळलेले. “तू कशी सगळ्यांसाठी सरकतेस?” असे तिने एकदा विचारलेही होते, आणि आई गाजर चावत म्हणाली होती, “सरकणारं कुणीतरी लागतंच.” शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मात्र ती कधी हात लावू द्यायची नाही. तिथे ती एक चौकोन सुरुवातीलाच उलटा करून ठेवायची. तो कशाचा ते तिने विचारले नव्हते. प्रार्थना, सफाई, असे काहीतरी असणार.

हे काम करण्याची पद्धत तिने तिथूनच घेतली होती, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिला दिसले की त्याबरोबर आणखीही काहीतरी घेतले होते. जो आवाज करत नाही तो हलणारा. जो फोन करतो, लाल शाईने लिहितो, दारात येऊन उभा राहतो, तो न हलणारा. तिने हातातली कार्डे मोजली. अकरा. त्यांतली सात लाल. साती लाल कार्डांवर खालच्या डॉक्टरांचे गिचमिड अक्षर होते, ‘तातडीचे’, आणि एकावर तर ‘अतितातडीचे’, त्याच्याखाली दोन रेघा. तिने एक कोरे कार्ड घेतले. थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मग त्यावर ‘आई’ लिहिले आणि रिकाम्या तक्त्यावर, सर्वांच्या आधी, सोमवारच्या ओळीत ठेवले. जुना साचा आता चालणार नव्हता; हिरड्या झिजतात, सात महिन्यांत तोंड पुष्कळ बदलते, तो नियम तिने उगाच भिंतीवर लिहिला नव्हता. सगळे पहिल्यापासून करायला हवे होते, म्हणून तिने कार्डावर ‘आई’खाली दिवसवार लिहिले. आज माप. उद्या मेणावर चावायला लावून चाव्याचे माप. बुधवारी दात लावणे. गुरुवारी मेणावरच तोंडात बसवून बघणे. शुक्रवारी साचा उकळून कवळी पक्की करणे. शनिवारी सकाळी पॉलिश. शनिवारी चार. एकही दिवस मोकळा नाही आणि एकही जास्तीचा नाही; कुणीतरी मोजून दिल्यासारखा आठवडा. पण शुक्रवारी उकळण्याचे भांडे त्या अतितातडीच्या बाईंसाठी राखलेले होते.

तिने खाली फोन लावला. “डॉक्टर, शुक्रवारच्या त्या दोन रेघावाल्या बाई. त्यांना पुढच्या मंगळवारपर्यंत थांबवता येईल?”

“त्या?” डॉक्टर म्हणाले. “अहो, त्या भाचीकडे गेल्यात. पंधरा दिवसांशिवाय येत नाहीत.”

“मग अतितातडीचे कशाला लिहिलंत?”

“सवयीनं हो. साधं लिहिलं की तुम्ही मागून बघता.”

काकू आतून मोठ्याने हसल्या. तिलाही हसू आले, पण ते अर्ध्यावर थांबले, कारण डॉक्टर बोलले ते अगदी खरे होते. “आज दुपारी तुमची खुर्ची मोकळी आहे का?” तिने विचारले. “आईचं माप परत घ्यायचंय.”

“साडेबाराला या. पण घ्या तुम्हीच. मी शेजारी उभा राहतो. तुमच्या हाताला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी चारचौघांत कबूल करणार नाही.”

आईने फोन उचलायला वेळ लावला. “आज? आज सोमवार ना? सोमवारी तुझी मान वर नसते.”

“आजच. साडेबाराला डॉक्टरांकडे ये.”

“बरं. येताना काय आणू?”

“तोंड घेऊन ये म्हणजे झालं.”

“ते जाईल कुठे,” आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुपारी, खालच्या मजल्यावरच्या त्या खुर्चीत आई फार लहान दिसत होती. डॉक्टरांनी तिच्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला आणि, कबूल केल्याप्रमाणे, हातांची घडी घालून शेजारी उभे राहिले. तिने रबरी वाटीत गुलाबी पूड पाण्यात कालवली, भराभर, कडेला घासून, एकही बुडबुडा राहू नये म्हणून, पत्र्याच्या ट्रेमध्ये भरली आणि म्हणाली, “आ कर.” आईने आ केला. ती वर्षानुवर्षे तोंडांमध्ये राहत आली होती, पण ती सगळी प्लास्टरची तोंडे होती, कोरडी, बोलणे संपलेली. हे ओले होते, उबदार होते, त्यात जीभ होती, आणि तिचा अंगठा त्या डावीकडच्या खळग्याशी गेला तेव्हा तो साच्यात होता त्यापेक्षा उथळ झाला होता. तो जुना दिवस आतल्या आत हळूहळू बुजत चालला होता. “नाकाने श्वास घे. हलू नकोस. तीन मिनिटं.” तीन मिनिटे ती आईचा जबडा दोन्ही हातांत धरून उभी राहिली. आईला बोलता येत नव्हते म्हणून खोलीही शांत होती. आईचे डोळे तिच्याकडे पाहत होते, इतक्या जवळून की त्यांत खिडकी दिसत होती, आणि खिडकीत तिचे स्वतःचे डोके, छोटे, काळे. आपण एकमेकींना शेवटचे इतक्या जवळून कधी पाहिले, हे ती आठवू लागली, आणि तिला न आठवणाऱ्या, फक्त आईलाच आठवू शकणाऱ्या काळापर्यंत जाऊन थांबली. तेव्हा कुणीतरी असाच आपला चेहरा धरून आ करायला सांगितले असेल. घड्याळाचा काटा फिरला. तिने माप अलगद सोडवले. डॉक्टर वाकून पाहत म्हणाले, “वा.” आईने तोंड पुसले. “गुलाबी चवीचं होतं,” ती म्हणाली.

माप कोरडे पडण्याआधी त्यात प्लास्टर ओतायला हवे होते, म्हणून ती झपाझपा वर आली. आई कठडा धरून सावकाश मागून आली. या खोल्यांत ती बऱ्याच काळाने येत होती. काकूंनी खुर्ची पुढे केली, “बसा हो बाई, आज साहेबिणीनं तुमच्यासाठी सगळा आठवडा वर-खाली केलाय,” असे सांगून टाकले आणि आत गेल्या. ती प्लास्टर कालवत होती. पाठीमागे आईची शांतता कशाकडे पाहते आहे हे तिला न वळता कळत होते.

“तू अजून रंग वापरतेस?” आई म्हणाली.

“तुझीच विद्या.”

 मग पुठ्ठ्यावर नख वाजले. “हे आई लिहिलेलं, हे मी?”

“दुसरी कोण आई आहे मला?”

“पहिल्याच ओळीत ठेवलंयस.” आवाजात आनंद होता, पण लगेच त्याच्यावर तिच्यातल्या शिक्षिकेने मात केली. “शुक्रवारी भांडं एकच ना तुझं? मग मी आणि हे हिरवं कार्ड, दोघं एकदम कसे शिजणार? एकावर एक आलेत.”

तिने वळून पाहिले. खरेच की. दोन रेघावाल्या बाई काढल्या, पण त्यांच्यामागे लपलेले हिरवे कार्ड तिने पाहिलेच नव्हते. आई हात पुढे करून आपले कार्ड उचलू लागली होती. “मला सरकव ना पुढच्या आठवड्यात. मला काय, मी कुठे जातेय?”

“शनिवारी चार वाजता जातेयस.”

आईचा हात कार्डावर थांबला. “तुला कुणी सांगितलं?”

“तूच. फोनवर सांगत होतीस, जमायचं नाही म्हणून. आई, हिरवं गुरुवारी संध्याकाळी टाकते. तू न हलणाऱ्यांत आहेस.” वाटीतल्या प्लास्टरकडे पाहत, कारण समोर पाहून बोलणे जमले नसते, ती पुढे म्हणाली, “तू आयुष्यभर सगळ्यांसाठी सरकत आलीस. मीही तेच शिकले. तुला सरकवायला.”

 प्लास्टर मापात हळूहळू उतरत होते. खळगे आधी भरत होते, मग कंगोरे. ती कडेला बोटाने टिचक्या मारत होती, बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. जुना साचा टेबलाच्या कोपऱ्यात होता. तिने तो उचलला, एकदा मुठीत धरला आणि बादलीत ठेवून दिला, टाकला नाही, ठेवला.

“सगळ्यांसाठी नाही हं,” आई मागून म्हणाली. “माझा एक तास होता. शुक्रवारचा शेवटचा.”

“तो उलटा ठेवायचीस तो?”

“तो. हेडमास्तरांनी तीनदा मागितला. कधी कवायतीला, कधी सभेला. दिला नाही. सांगितलं, अडचण आहे. काय अडचण ते कुणी विचारलं नाही, तोंडच तसं केलं होतं मी.”

“काय करायचीस त्या तासात?”

“चित्रकलेच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. पोरांबरोबर. मास्तर म्हणायचे पेला काढा, की मी पेला काढायचे. म्हणायचे बादली काढा, की बादली. बावीस वर्षं.” आई खिडकीबाहेर पाहत होती; खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते. “मास्तर माझ्या बाकापाशी यायचे, बघायचे, आणि म्हणायचे, बाई, तुमचा पेला बसतच नाही. दर शुक्रवारी. मला एक धड पेला आला नाही गं शेवटपर्यंत. सगळे कलंडलेले.”

तिने वाटी खाली ठेवली. जून महिन्यातला तो तक्ता तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा मांडला जात होता, पण आता वेगळा: आधी आभाळी चौकोन, मंगळवारी, शुक्रवारी, आणि त्यांच्यालगत, सर्वांच्या आधी, हाताने झाकून ठेवलेला तो बिनरंगी उलटा चौकोन. आई शेवटी मांडली जात नव्हती. आई सर्वांत आधी मांडली जात होती, फक्त तिला ती दिसत नव्हती. कीव करण्याजोगे जे काही तिने सकाळपासून जमवून ठेवले होते ते हळूच तिच्या हातातून निसटले, आणि त्याच्या जागी आलेले काहीतरी हलके, मोकळे, वयाने तिच्यापेक्षा लहान होते.

“एक सांगू?” आई म्हणाली. “दात अगदी सरळ नको लावूस. समोरचा एक जरासा वाकडा होता माझा. डावीकडचा. मास्तर नाहीतर ओळखायचे नाहीत.”

“आणि म्हणाले, बाई, तुमचा दात बसतच नाही, तर?”

आई हसली. हसताना सवयीने हात वर निघाला, आणि नेमका त्याच वेळी खिडकीतून वारा आत आला, टेबलावरची कार्डे, ज्यांच्यावर आता कसलेच वजन नव्हते, फडफडली, शुक्रवारची ओळ तिरकी झाली, गुरुवारची दोन कार्डे कडेकडे धावली. “अगं, उडतंय सगळं!” आई म्हणाली, आणि ओठांकडे निघालेला तिचा हात मध्येच वळून कार्डांवर येऊन पडला. मग दुसराही. दोन्ही तळहातांनी सगळा आठवडा दाबून धरून ती हसत राहिली, तोंड भरून, उघड्या हिरड्यांनी, एवढ्या मोठ्याने की काकू बघायला दारात आल्या. हात मोकळा नव्हता. तिच्या मुलीने ते हसू पाहिले, सात महिन्यांत पहिल्यांदा सबंध पाहिले, आणि कार्डांवर ठेवायला दुसरे काही वजन शोधायला ती उठली नाही. तिच्या ओंजळीत धरलेल्या मापातले प्लास्टर घट्ट होऊ लागले होते. घट्ट होताना ते नेहमी आधी तापते. बाहेरून कुणी ऊब न देता, आपले आपणच. ती ऊब तळव्याला कळेपर्यंत ती तशीच, न हलता, धरून बसली.